एकाच घराची दोन उत्तरं

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या महिन्यात नीलने मला फोनवर एक रंगीत तक्ता पाठवला. आपल्या मध्य भारतातल्या लोकांना विचारलं होतं, की दुसऱ्या जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला तर चालेल का. 'चालेल' म्हणणाऱ्यांचा भाग हिरवा, 'नाही' म्हणणाऱ्यांचा लाल. हिरवा एवढा मोठा होता की लाल शोधायला मला चष्मा पुसावा लागला. खाली नीलने नेहमीप्रमाणे हिंदीत लिहिलं होतं, "देखो आजी, आप लोग खामखा कहते हो. सब बदल गया है."

मी उत्तर दिलं नाही. नील, तू दोनदा विचारलंस, आजी नाराज आहे का. नाराज नाही, संतापले आहे, आणि तुझ्यावर नाही. असले तक्ते ज्या कागदांवरून तयार होतात, ते कागद भरण्याचं आणि भरून घेण्याचं काम मी रायपुरात सव्वीस वर्षं केलं. हिरवा रंग कसा तयार होतो ते मला माहीत आहे. त्या रंगात एका बाईचं नाव बुडालेलं आहे आणि ते बुडवण्यात माझा हात आहे. तुमच्या आईला हे ठाऊक नाही. मी घरी कधी सांगितलंच नाही.

आपल्या रायपूरच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी माझ्याकडे नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. त्यांना हेच पत्र देणार आहे. तुम्ही लांब आहात. यात येणारी काही माणसं इथेच राहतात आणि अंक वाचतात.

आधी काम समजून घ्या. आमची एजन्सी लोकांची मतं गोळा करायची. साबणापासून सरकारपर्यंत कशाबद्दलही लोकांना काय वाटतं हे कोणाला हवं असलं, की दिल्लीच्या मोठ्या कार्यालयातून इंग्रजी प्रश्नावली यायची. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली, म्हणून सुरुवातीला तिचं हिंदी करायला मला ठेवलं. पुढे दारोदार जाणाऱ्यांवर देखरेख करू लागले. कागदोपत्री आम्ही सर्वेक्षक. लोकांच्या तोंडी 'सर्वेवाली'.

घर निवडायची पद्धत ठरलेली असते. नकाशावर एक खूण दिलेली असते, शाळा, पाण्याची टाकी, काहीही. तिथून उजव्या हाताला वळायचं आणि दर पाचवं घर घ्यायचं. पाचव्या दारात कुत्रा आहे म्हणून सहावं घेता येत नाही. घरातल्या मोठ्या माणसांची नावं वयाप्रमाणे लिहायची आणि छापील तक्त्यानुसार ज्याचा नंबर लागेल त्यालाच विचारायचं. प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचायचा. मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही, "म्हणजे काय" असं विचारलं तर तोच प्रश्न पुन्हा वाचायचा. शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना असतो. तो बहुतेक जण कोरा सोडतात.

नंबर लागेल त्यालाच विचारायचं, हे कलम आपल्याकडच्या घरांना मुळीच मान्य नसतं. 'उरला' नावाच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमधल्या कामगाराच्या घरी तक्त्यात सुनेचा नंबर आला. सासू दारातच आडवी आली. "बहू से क्या पूछोगी? उसको कुछ नहीं आता. मुझसे पूछो." मी म्हटलं, नियम आहे. नियम हा शब्द सरकारी वाटतो, म्हणून तिने वाट दिली. नवरा पाळीवरून येऊन आतल्या खोलीत आडवा झालेला. मी प्रश्न वाचला, की पडद्यामागून झोपेतला आवाज यायचा, "बोल दे, सहमत." सून म्हणायची, "हव," म्हणजे हो. मी त्याला दोनदा सांगितलं, "भैया, आपसे नहीं पूछ रही." तो म्हणाला, "मैं तो सो रहा हूँ." शेवटी मुलींच्या वडिलोपार्जित वाट्याबद्दल प्रश्न होता. पडद्यामागून "असहमत" आलं, सुनेने "हव" केलं. ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि मी चपला घालत असताना हळूच म्हणाली, "दीदी, वो आखिरी वाला मेरा नहीं है. काट दो." मी काटलं. फाटकाशी दिलेलं उत्तर धरावं की नाही याबद्दल नियम काहीच सांगत नव्हता.

राजकारणाच्या प्रश्नांचं तर विचारूच नका. शेवटच्या काही वर्षांत भनपुरीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या एका गल्लीत आमच्या माणसाने तीन घरांचे फॉर्म आणले. मोकळ्या उत्तराच्या जागी तिन्हींत एकच वाक्य, शब्दाला शब्द. मी त्याला खडसावलं, की एका घरी लिहून दोन घरी उतरवलंस. तो रडकुंडीला आला. मी स्वतः गेले, तर तिन्ही घरांनी मला तेच वाक्य म्हणून दाखवलं, त्याच चालीत. सकाळी फोनवर आलं होतं. समोरच्या गल्लीत दुसऱ्या पक्षाचे झेंडे होते. तिथे दुसरं वाक्य होतं आणि तेही तितकंच पाठ. चौथ्या घरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला विचारलं, "मैडम, सही वाला कौन सा है? बता दो, वही बोल देंगे." त्याला खरोखर मदत करायची होती.

या गमती मी इतकी वर्षं चहाच्या वेळी सांगून लोकांना हसवलं आहे. यापुढचं हसण्यासारखं नाही.

फॉर्मवर नसलेला एक प्रश्न प्रत्येक दारात असतो आणि तो ते आम्हाला विचारतात. "पूरा नाम?" मी सुमती म्हटलं तर थांबायचे. जोशी म्हटलं, की चेहरा सैल व्हायचा, खुर्ची पुढे यायची. "अच्छा, पंडित हैं." ही वाट माझ्यासाठी जन्मापासून अशी सपाट होती, की ती कोणीतरी सपाट करून ठेवली आहे हे मला कधी जाणवलंच नाही.

सुनंदा रामटेके माझ्या हाताखाली नऊ वर्षं होती. गोंदियाकडची, बौद्ध घरातली. तिचे वडील रेल्वेत गँगमन, माझेही रेल्वेतच, पण बुकिंग ऑफिसात. तिचा फॉर्म कधी परत पाठवावा लागला नाही. दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. तिची वांग्याची भाजी मी घ्यायची, माझ्या पोळ्या ती घ्यायची. यावरून मी स्वतःबद्दल एक चांगलं मत करून घेतलं होतं.

आमचा वाद व्हायचा तो शेऱ्याच्या रकान्यावरून. ती तो कोरा सोडायची नाही. 'पाणी मागितल्यावर कागदी गिलास आणला. घरातले स्टीलच्या गिलासात पीत होते.' असं बारीक अक्षरात लिहायची.

"सुनंदा, शेऱ्यात आपली मतं लिहायची नसतात," मी म्हणाले.

"हे मत नाई ताई," ती म्हणाली, "हा गिलास आहे."

नऊ-दहा वर्षांपूर्वी, फॉर्म अजून कागदी असताना, एक मोठी पाहणी आली. विषय होता लोकांची सामाजिक आणि राजकीय मूल्यं. स्वयंपाकघर, लग्न, देऊळ, आरक्षण, कोण कोणाच्या वर असावं, सगळं त्यात होतं. जुन्या शहरातला एक पारा सुनंदाकडे दिला. पारा म्हणजे इथला मोहल्ला. तिने वीस घरं केली. पडताळणीसाठी त्यातल्या सहा घरी मी गेले.

पडताळणी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. फॉर्म खरंच दारात जाऊन भरला की घरी बसून, हे ओळखायला देखरेख करणारा काही घरी पुन्हा जातो आणि तेच प्रश्न विचारतो. उत्तरं जुळली तर सर्वेक्षक खरा. एकाहून जास्त घरांत जुळली नाहीत तर त्याचे सगळे फॉर्म रद्द आणि त्याच्या नावापुढे शेरा. दुसऱ्या फेरीची उत्तरं मोजणीत धरत नाहीत. ती फक्त माणूस तपासायला असतात.

सहापैकी चार घरांत उत्तरं जुळली नाहीत. एका निवृत्त हेडक्लार्कच्या फॉर्मवर सुनंदाने लिहिलं होतं, सगळ्या जाती समान, पूर्ण सहमत. स्वयंपाकघरात कोणीही चालेल. आरक्षणाबद्दल 'सांगता येत नाही'. मी गेले तेव्हा त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "जोशी जी, आप तो घर की हैं, आपसे क्या छिपाना. सिर पर चढ़ा रखा है इन लोगों को." पुढे वीस मिनिटं ते थांबले नाहीत. बाकी तीन घरांतही हाच सूर. जुळलेल्या दोन घरांतलं एक कोष्टी आजीचं. तिने सुनंदालाही आणि मलाही एकच सांगितलं, "सब भगवान के लइका आय बहिनी, फेर मोर चूल्हा मोर आय." सगळी देवाची लेकरं, पण चूल माझी. तिचं मत मला पटलं नाही, पण ते एकच होतं.

मी ऑफिसात आले आणि अहवाल लिहिला. सुनंदाला बोलावलं नाही. नियमात तशी गरज नव्हती. माझा निष्कर्ष असा, की तिला जग जसं असावंसं वाटतं तशी उत्तरं तिने घरी बसून भरली. 'विश्वासार्ह नाही' असा शेरा लिहिला, खाली सही केली आणि दिल्लीला पाठवून दिला. हे सगळं अर्ध्या तासात झालं. मुलांनो, त्या अर्ध्या तासाचा विचार मी दहा वर्षं करते आहे. माझ्यासमोर दोन कागद होते, एक तिचा, एक माझा. दोन्ही त्याच माणसाच्या तोंडचे. माझाच कागद खरा आणि तिचा खोटा, हे मला कोणी शिकवलं? शाळेत तर नाही. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही समतेवर इंग्रजीत निबंध लिहायचो आणि मला बक्षीस मिळालं होतं. घरीही कोणी शब्दांत सांगितलं नव्हतं. तरी ते माझ्यात होतं, इतकं मुरलेलं, की मला ते मत वाटलंच नाही. मला ती सुव्यवस्था वाटली.

दुसऱ्या दिवशी सुनंदा माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बसली नाही.

"त्यायनं मले जे सांगतलं तेच मी लिवलं."

"मला त्यांनी उलट सांगितलं, सुनंदा. चार घरांत."

"सांगतलं असंन. ते तुमाले नाई सांगतलं, तुमच्या आडनावाले सांगतलं. मले गोड सांगतलं ते माह्या आडनावाले सांगतलं." मग म्हणाली, "मी घरी बसून फॉर्म भरले म्हणता. हे पायाले फोड आले, ते घरी बसून आले का?"

मी फॉर्मचा गठ्ठा सरळ करू लागले. ती म्हणाली, "चला माह्यासंग एका घरी. मी जोशी, तुमी रामटेके. बाकी काई बदलू नका."

हे आमच्या धंद्याच्या सगळ्या नियमांविरुद्ध होतं. खोटं नाव सांगून विचारलेला फॉर्म मोजता येत नाही, आणि आम्ही तो मोजलाही नाही. पण मी गेले. खरं सांगायचं तर तिला चूक ठरवायला गेले.

घर सुनंदाने निवडलं. मराठी घर, आम्हा दोघींनाही नवं. मी म्हटलं, आपल्या माणसांत कशाला. ती म्हणाली, "आपल्या मंजे कोनाच्या?"

पन्नाशीच्या बाईंनी दार उघडलं. अमरावतीकडचं बोलणं, हातात निवडायची मेथी. आम्ही नावं सांगितली. दोघींच्या साड्या सुती, दोघींच्या खांद्याला एजन्सीच्या सारख्याच पिशव्या, आणि माझा रंग सुनंदाहून सावळा. बाईंनी आमच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी फक्त आडनावं ऐकली.

"या न जोशीबाई, आत या. कोन्ते जोशी तुमी?"

"वर्ध्याकडचे," सुनंदा म्हणाली.

"अन् तुमी बसा बाई इथंच, पडवीत. हवा चांगली येते."

मी पडवीत बसले. हवा मुळीच येत नव्हती. ठरल्याप्रमाणे आधी मी विचारायला लागले. दारातून मोठ्याने प्रश्न वाचला, दुसऱ्या जातीचं कोणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं तर चालेल का. बाई आतून तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "आमच्यात नाई हो असं काई. आमी सगळ्याइले सारखंच मानतो. लिवा, चालते." मी 'चालेल'वर खूण केली. तेवढ्यात चहा आला. सुनंदाला कपबशीत. मला खिडकीच्या गजाशी वेगळ्या पालथ्या घालून ठेवलेल्या गिलासात, तोही वरून धार धरून. गरम चहा हातावर उडाला.

मग आत सुनंदाने दुसरा फॉर्म काढला आणि आवाज न बदलता तोच प्रश्न वाचला. बाईंचा आवाज खाली आला, पण पडवी चार हातांवर होती.

"आता तुमच्यापाशी काय लपवू जोशीबाई. सगळे सारखे म्हनाव लागते, दिवस तसे आहेत. तिच्या तोंडावर काय सांगू? पन ओट्यापाशी नाई येऊ देत मी कोनाले. यायले आता सगळं पायजे. नोकऱ्या यायले, घरं यायले. पहा न, ते बाहेर बसली ते. शिकली-सवरली असंन, पन वळण कुठून येईन?"

सुनंदाने मान डोलवली नाही. भुवई उचलली नाही. नियमाप्रमाणे पुढचा प्रश्न वाचला.

निघताना बाई पडवीत आल्या आणि मला म्हणाल्या, "तेवढा गिलास विसळून ठेवजा बाई. नळ तिथंच आहे."

मी विसळला. मी, जोशी, एम.ए., बक्षीसपात्र निबंधवाली, अंगणातल्या नळाखाली वाकले, गिलास विसळला आणि खिडकीत पालथा घातला. कोपऱ्यावर आल्यावर मला रडू फुटलं. रागाचं होतं की लाजेचं, तेव्हा कळलं नाही.

सुनंदाने माझी पिशवी आपल्या खांद्याला लावली. मग म्हणाली, "चहा बाकी चांगला होता ताई. कपातला."

त्या बाई आता मंडळात येतात. मला ओळखतात, जोशी म्हणूनच. कोजागरीला माझ्या हातात दुधाचा पेला देतात आणि कशा आहात विचारतात. त्या दिवशीची बाई त्यांना आठवत नाही. पडवीत बसवलेल्या बाईचं तोंड कोण पाहतं? बाई, तुम्ही हे वाचत असाल. आठवत नसेल तर मी आठवण करून देते आहे.

मी त्याच दुपारी दुसरा अहवाल लिहिला. पहिला मागे घेते आहे, सुनंदाची चूक नाही, पडताळणीची पद्धतच चूक आहे, एकच माणूस विचारणाऱ्याप्रमाणे दोन उत्तरं देतो आणि पाहणीत सापडलेली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे. चार पानं, मुद्देसूद. दिल्लीच्या साहेबांचा फोन आला.

"जोशी जी, आप इमोशनल हो रही हैं."

मी म्हटलं, "सर, मैं निरीक्षण बता रही हूँ."

"निरीक्षण का कॉलम नहीं है हमारे पास. क्लाइंट को बुधवार को टेबल चाहिए. उस लड़की से बोलिए एक माफीनामा लिख दे, फॉर्म घर पे भरे थे, आगे से नहीं होगा. चेतावनी देकर रख लेंगे."

ती लड़की तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. तिला मी तो निरोप दिला, आणि वर मीच म्हणाले, "लिहून टाक सुनंदा. कागदच आहे. नोकरी राहील." हे वाक्यही माझंच आहे, ते लपवणार नाही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती दारातल्या लोकांकडे पाहायची, भुवई न उचलता. "कागदच आहे म्हनता," ती म्हणाली. "मंग नऊ वर्सं आपन काय भरून राहिलो होतो?"

तिने लिहून दिलं नाही. तिचं काम गेलं.

तिचे वीसच्या वीस फॉर्म रद्द झाले आणि त्या पाऱ्यात भिलाईचा एक पोक्त सर्वेक्षक पाठवला. तो फक्त पहिलं नाव सांगायचा, गळ्यात ओळखपत्र घालायचा, सरकारी माणूस वाटायचा. त्याला लोकांनी काय सांगितलं असेल? सगळे समान. कोणीही चालेल. आरक्षणाबद्दल सांगता येत नाही. मी ते फॉर्म स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. हेडक्लार्कच्या घरची उत्तरं तर सुनंदाने लिहिली होती तीच, फक्त अक्षर दुसरं. वेळ नव्हता म्हणून त्याची पडताळणी झाली नाही. तीच उत्तरं मोजली गेली, त्यांचा तक्ता झाला, तक्ता हिरवा झाला. शेऱ्याचा रकाना या वेळी सगळीकडे कोरा होता.

मी राजीनामा दिला नाही. चार वर्षं आणखी काम केलं, निवृत्त झाले, शाल मिळाली. घरी अडचण होती असं म्हणता येईल, पण नव्हती. मला खुर्चीची सवय होती.

नील, तुझा तक्ता खोटा आहे असं मी म्हणत नाही. लोक तसंच म्हणाले असतील. फक्त असला तक्ता हाती आला, की आधी विचार, दारात कोण उभं होतं, त्याचं आडनाव काय होतं आणि पडद्यामागे कोण झोपलं होतं. आपली मतं आपण स्वतः विचार करून बनवली, असं प्रत्येकाला वाटतं. घराने, गल्लीने, झेंड्याने, फोनने ती आपल्या तोंडात ठेवलेली असतात आणि समोरचा पाहून आपण त्यातलं एक काढून देतो. मला राग त्या दुटप्पी बोलण्याचा आहेच. जास्त राग याचा आहे, की जिने ते टिपलं तिलाच आम्ही खोटारडी ठरवलं, आणि तेही शिस्तीच्या नावाखाली. ती शिस्त मी वर्षानुवर्षं नव्या लोकांना अभिमानाने शिकवली.

हे लिहायच्या आधी मी सुनंदाला भेटायला गेले. ती भनपुरीला एका धर्मकाट्यावर असते, ट्रकांचं वजन करून चिठ्ठी फाडते. सर्वेचं काम तिला पुन्हा मिळालं नाही. दोन एजन्स्यांनी घेतलं नाही, कारण आमच्याकडे चौकशी केली, की ऑफिसातले लोक तो शेरा वाचून दाखवायचे. एकदा तो फोन माझ्या शेजारच्या टेबलावर आला होता. मी ऐकत होते.

मी तिला म्हटलं, आपल्यावर लिहिते आहे, तुझं नाव बदलते.

"काहून?"

"तुला त्रास नको."

ट्रक पुढे सरकला, तिने आकडा पाहिला, चिठ्ठी फाडून ड्रायव्हरला दिली. मग म्हणाली, "नाव माहंच लिवा. रामटेके लिवा. दुसरं लिवान तर मंग पुन्हा तेच झालं न."

म्हणून लिहिलं.

निवृत्त झाल्यावर त्या कार्यालयाला मी तीन पत्रं पाठवली. पहिल्या दोहोंना उत्तर नाही. तिसऱ्याला एका नव्या अधिकाऱ्याने नम्र इंग्रजीत कळवलं, की जुन्या नोंदी संगणकावर चढवल्या आहेत आणि बंद झालेल्या कामांतल्या नोंदी बदलायची सोय नाही. माझा चार पानी अहवाल मात्र त्यांना सापडला नाही. सापडला तो पहिला, अर्ध्या तासात लिहिलेला. त्याची प्रत त्यांनी सौजन्याने सोबत जोडली होती. ती माझ्यापुढे आहे. त्यात सुनंदा रामटेके या नावापुढे 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलेलं आहे, आणि खाली माझी सही आहे.